सिबिल अँड्र्यूज यांच्या रंगीत लिनोचित्रांत काळी बाह्यरेषा का दिसत नाही?

चित्रवही, नागपूर (प्रश्न)

नमस्कार. मी नागपुरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. आठवी-नववीच्या मुलांकडून लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून घेतलेला ठसा) करवून घेताना माझे घोडे दरवर्षी एकाच ठिकाणी अडते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीतून आलेली मुले आधी पेन्सिलीने बाह्यरेषा काढतात, तीच रेषा लिनोवर उठवून ठेवतात, काळ्या शाईत ठसा घेतात आणि रंग हवा असेल तर त्या रेषांच्या आत जलरंग भरतात. ठसा देखणा येतो, परंतु तो नंतर रंगवलेला असतो. रंगांनीच छापलेला नसतो.

अलीकडे सिबिल अँड्र्यूज (१८९८–१९९२) या ब्रिटिश मुद्राचित्रकर्तीच्या लिनोचित्रांच्या चांगल्या प्रती पाहण्यात आल्या आणि तेव्हापासून त्या डोक्यातून जात नाहीत. १९३४ सालच्या ‘स्पीडवे’ या चित्रात हेल्मेट घातलेले मोटरसायकलस्वार एकामागोमाग एक तिरके अंगावर आल्यासारखे दिसतात, पण कोणाच्याही अंगाभोवती काळी रेषा नाही. रंगाला रंग भिडतो आणि तिथेच आकार संपतो. निळ्याच्या पोटात लाल, लालच्या कडेला मातकट पिवळा आणि मधूनच कागदाचा कोरा पांढरा, एवढ्यावर सगळे उभे आहे.

माझ्या तीन शंका आहेत. काळ्या रेषेचा ठोकळा न वापरता त्या रंगांची जुळणी कशी करीत असाव्यात, आणि तेही प्रेसशिवाय? दुसरी शंका चरित्राविषयी आहे. त्यांच्या नावाबरोबर सिरिल पॉवर हे नाव सतत येते, तेव्हा या कामात पॉवर यांचा हात कितपत मानायचा? आणि तिसरी शंका अशी की, माझ्या एका सहकाऱ्यांच्या मते ही सगळी यंत्र आणि वेग यांचा गौरव करणाऱ्या इटालियन फ्युचरिस्ट चित्रकारांची उशिरा केलेली नक्कल आहे आणि मुलांपुढे ठेवण्याजोगे तिच्यात फारसे काही नाही. मला हे मत पटत नाही, पण त्याला उत्तर देण्याइतका माझा अभ्यासही नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शाईचा रूळ, इतवारी

ताई, मी छपाईच्या धंद्यातला माणूस आहे आणि लिनो, लाकूड या माध्यमांत हौसेने काम करतो, त्यामुळे पहिल्या शंकेपुरते लिहितो.

जपानी रंगीत लाकूडठशांत किंवा युरोपातल्या जुन्या रंगीत छपाईत बहुधा एक मुख्य ठोकळा असतो. त्यावर चित्राची सगळी रेषा कोरलेली असते आणि बाकीचे ठोकळे त्या रेषेच्या आत रंग भरण्याचे काम करतात. आपली मुले जलरंगाने जे करतात, ते तत्त्वतः हेच आहे. लंडनमधील ग्रॉव्हेनर स्कूल ऑफ मॉडर्न आर्ट या खासगी कलाशाळेत १९२६ पासून क्लॉड फ्लाइट हे लिनोकट शिकवीत असत. त्यांनी हा मुख्य ठोकळाच काढून टाकला. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक ठोकळा रंगाचा असतो आणि चित्र उभे करण्याची जबाबदारी सर्व ठोकळ्यांवर सारखी असते. अँड्र्यूज यांनी हे तंत्र तिथेच आत्मसात केले आणि माझ्या मते, ते गुरूपेक्षाही अधिक शिस्तीने राबवले.

त्यांची बहुतेक चित्रे तीन किंवा चार ठोकळ्यांत छापलेली आहेत. कच्ची सिएना, व्हेनिशियन लाल, व्हिरिडियन हिरवा, चायनीज निळा अशा रंगांची नावे त्यांच्या ठशांच्या नोंदींत वारंवार भेटतात. इथे एक साधा हिशेब मुलांना फळ्यावर मांडून दाखवावा. तीन ठोकळे असतील, तर कागदावरच्या कोणत्याही एका जागी प्रत्येक ठोकळा एक तर छापतो किंवा छापत नाही. म्हणजे एकूण आठ शक्यता झाल्या: कोरा कागद, तीन सुटे रंग, दोन-दोन रंगांचे तीन मिलाफ आणि तिन्ही रंग एकावर एक आल्याने मिळणारा सर्वांत गडद रंग. चौथा ठोकळा आला की शक्यता सोळा होतात. शाई अर्धपारदर्शक असेल तरच हे साधते, हे मात्र लक्षात ठेवावे. गडद, अपारदर्शक शाईने खालचा रंग पूर्ण झाकला, तर हिशेब कोलमडतो. आपल्याकडे ऑफसेट छपाईच्या शाईत पारदर्शक पांढरे माध्यम मिसळले की काम होते आणि ते छपाईचे साहित्य विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळते.

आता आपण ज्या ‘स्पीडवे’विषयी लिहिले आहे, त्याच्याकडे या हिशेबाने पुन्हा पाहा. गडद निळा रंग जिथे लालवर आणि मातकट पिवळ्यावर पडतो, तिथे जवळजवळ काळी सावली तयार होते आणि आपला डोळा तिलाच रेषा समजतो. स्वाराच्या खांद्यावरचा उजेड रंगवलेला नाही. तिथे एक किंवा दोन ठोकळे कोरून काढले आहेत. रंग वजा करून उजेड मिळवणे, ही या चित्रांची मूळ रीत आहे. म्हणून कोरण्याआधी रंगीत आराखडा करून ‘इथे कोणता ठोकळा गप्प बसणार?’ हे ठरवावेच लागते. मुलांना शिकवायचे तर सगळा वेळ या ठरवण्याला द्यावा, कोरणे त्या मानाने सोपे आहे.

प्रेस त्यांनी वापरला नाही, कारण त्याची गरजच नव्हती. पातळ जपानी कागद शाई लावलेल्या ठोकळ्यावर अंथरायचा आणि पाठीमागून हाताने घोटायचा. पातळ कागदाचा मोठा फायदा असा की, शाई किती उचलली गेली आहे ते मागूनच दिसते. कुठे कमी वाटली, तर कागदाची एक कड धरून ठेवून दुसरी बाजू उचलावी, पुन्हा थोडी शाई द्यावी आणि परत टेकवावा. सुरुवातीला आपल्याकडचा पातळ नेपाळी कागद घेऊन पाहावा आणि घोटायला स्टीलच्या चमच्याची पाठ वापरावी. हत्याराच्या बाबतीत फ्लाइट यांचा दृष्टिकोन असाच काटकसरीचा होता. छत्रीच्या काडीचा तुकडा घासून त्याचे कोरणे करावे, असे ते सांगत. छत्रीच्या काडीला मुळातच पन्हाळीसारखा आकार असल्यामुळे तिचे टोक घासले की गोल खाच पाडणारे कोरणे तयार होते. मी ते करून पाहिले आहे आणि ते बाजारातल्या स्वस्त लिनो कटरपेक्षा बरे चालते.

जुळणीसाठी सर्व ठोकळे तंतोतंत एका मापाचे कापावेत. एका जाड पुठ्ठ्यावर काटकोनात दोन पट्ट्या ठोकाव्यात, ठोकळा त्या कोपऱ्यात घट्ट बसवावा आणि कागदाची एक कड पुठ्ठ्याला टाचण्यांनी पक्की करावी. पहिला ठोकळा छापला की कागद उलटून मागे टाकायचा, ठोकळा बदलायचा आणि कागद परत खाली आणायचा. फिकट रंग आधी आणि गडद शेवटी, हा क्रम ठेवावा.

नागपूरकरांसाठी एक सूचना आवर्जून करतो. लिनो म्हणजे ऑक्सिडीकरण केलेले जवसाचे तेल आणि बुचाचा भुगा यांचा तागाच्या कापडावर दिलेला थर. १८६३ मध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी त्याचे पेटंट घेतले ते जमिनीवर अंथरण्यासाठी. तेलाचा पदार्थ असल्यामुळे तो थंडीत कडक होतो, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत कोरण्याआधी थोडा वेळ उन्हात ठेवावा. नाहीतर कडा तुटतात. उन्हाळ्यात कोरणे सोपे जाते, पण छपाईची खोली कूलरपासून लांब असावी. कूलरच्या ओलसर वाऱ्याने पातळ कागद फुगतो आणि पहिल्या व तिसऱ्या ठोकळ्याच्या दरम्यान जुळणी सरकते. या कारणाने वाया गेलेले ठसे मी पुष्कळ पाहिले आहेत.

सावनेरकर

वरील प्रतिसाद वाचून तंत्राची बाजू स्पष्ट झाली. मी चरित्राविषयी लिहितो, कारण अँड्र्यूज यांचे आयुष्य ठाऊक नसेल, तर त्यांच्या चित्रांतली माणसे अशी का वाकलेली आणि ताणलेली दिसतात ते नीट उलगडत नाही.

त्यांचा जन्म इंग्लंडच्या सफोक परगण्यातील बेरी सेंट एडमंड्स या गावी झाला. हा सगळा शेतीचा मुलूख. पहिल्या महायुद्धात कलाशिक्षणाला घरी पैसे नसताना त्यांनी ऑक्सि-ॲसिटिलीन वेल्डिंगचे प्रशिक्षण घेतले आणि ब्रिस्टल येथे विमानांच्या कामावर वेल्डर म्हणून नोकरी केली. याच काळात त्या टपालाने चालणारा चित्रकलेचा अभ्यासक्रमही पूर्ण करीत होत्या. युद्धानंतर गावी परतून त्यांनी शाळेत शिकवले आणि तिथेच त्यांची सिरिल पॉवर यांच्याशी ओळख झाली. पॉवर हे वास्तुविशारद होते, वयाने २६ वर्षांनी मोठे, विवाहित आणि चार मुलांचे वडील. १९२२ मध्ये दोघेही लंडनला गेले. १९२५ मध्ये इयन मॅकनॅब यांनी ग्रॉव्हेनर स्कूल सुरू केले, तेव्हा अँड्र्यूज त्या शाळेच्या सचिव झाल्या आणि पॉवर तिथे व्याख्याने देऊ लागले. म्हणजे ज्या वर्गात त्या लिनोकट शिकल्या, त्याच शाळेच्या कारभाराची कागदपत्रेही त्याच सांभाळीत होत्या. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो, कारण पोट भरण्याचे काम आणि चित्राचे काम या दोन्ही गोष्टी त्यांनी आयुष्यभर शेजारी-शेजारी ठेवल्या.

१९२९ मध्ये लंडनच्या रेडफर्न गॅलरीत ब्रिटिश लिनोकटचे पहिले प्रदर्शन भरले आणि त्यात त्यांची चित्रे होती. पुढची दहा वर्षे हा त्यांच्या कामाचा सर्वांत समृद्ध काळ होय. ‘कॉन्सर्ट हॉल’ १९२९चे, ‘द विंच’ आणि ‘रश अवर’ १९३०ची, ‘स्लेजहॅमर्स’ आणि ‘ब्रिंगिंग इन द बोट’ १९३३ची, तर ‘टिलर्स ऑफ द सॉइल’ हे ‘स्पीडवे’च्याच वर्षाचे, म्हणजे १९३४चे आहे. यांपैकी ‘द विंच’ थोडे थांबून पाहावे. विंचच्या, म्हणजे जड वजन ओढण्यासाठी हाताने फिरवायच्या यंत्राच्या, दांड्यावर माणसे पाठीतून वाकलेली आहेत. त्यांना चेहरे जवळजवळ नाहीतच. पाठ, खांदा आणि दंड यांचे मोठे तुकडे आहेत, आणि प्रत्येक तुकड्याची कड त्या दांड्याच्या फिरण्याच्या दिशेने वळवली आहे. ज्याने विहिरीवरचा रहाट स्वतः ओढला आहे, त्याला ही पाठ खरी आहे हे सांगावे लागणार नाही. वजन पायांतून वर येते, कमरेत अडते आणि खांद्यातून दांड्यावर जाते. हे बाहेरून न्याहाळून कळत नाही. ज्या बाईने ऐन विशीत विमानाचे सांधे जोडले, तिच्या हाताला ते माहीत होते.

१९३८ मध्ये त्या लंडन सोडून न्यू फॉरेस्टमधील नॉर्ली वूड येथे राहायला गेल्या आणि पॉवर आपल्या कुटुंबाकडे परतले. दुसऱ्या महायुद्धात अँड्र्यूज पुन्हा कामगार झाल्या, या वेळी साउदॅम्प्टनजवळ बोटी बांधण्याच्या कारखान्यात. तिथेच वॉल्टर मॉर्गन भेटले, १९४३ मध्ये विवाह झाला आणि १९४७ मध्ये दोघे कॅनडातील व्हँकूव्हर बेटावरच्या कॅम्पबेल रिव्हर या गावी स्थायिक झाले. तिथे त्या चित्रकला आणि संगीत शिकवीत आणि लिनोकटही चालूच होते. लाकूडतोड आणि ओंडक्यांची वाहतूक हा त्यांचा नवा विषय झाला. ‘हॉलिंग’ हे १९५२ सालचे चित्र त्यांपैकीच आहे.

एका कामाचा उल्लेख सहसा होत नाही. १९३० मध्ये त्यांनी आपल्या गावच्या संत एडमंडवर एक मोठे भरतकाम सुरू केले, ते समुद्रापार नेले आणि १९७५ मध्ये पूर्ण केले. आज ते बेरी सेंट एडमंड्सच्या कॅथीड्रलमध्ये आहे. जी बाई ‘स्पीडवे’ छापत होती, तिच्याच हाताशी त्या वर्षांत हा सुईदोराही होता. वेगाची चित्रकर्ती म्हणून त्यांची जी ओळख करून दिली जाते, ती मला म्हणूनच अपुरी वाटते.

इंग्लंडमध्ये त्यांचे नाव मधल्या काळात मागे पडले होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या कलाविश्वात ग्रॉव्हेनर स्कूलच्या लिनोचित्रांकडे पुन्हा लक्ष गेले, तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या. त्यांच्या कामाचा मोठा संग्रह आज कॅनडातील कॅलगरी येथील ग्लेनबो संग्रहालयात आहे.

माध्यमवेध

दुसऱ्या आणि तिसऱ्या शंकेवर माझे मत मांडतो.

पॉवर यांचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. १९३० ते १९३८ या काळात दोघांचा हॅमरस्मिथमधील ब्रुक ग्रीन येथे एकच स्टुडिओ होता. लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी त्यांनी केलेली भित्तिपत्रके ‘अँड्र्यू-पॉवर’ अशा जोडनावाने निघाली आणि त्यांत कोणाचे काय, हे वेगळे काढणे कठीण आहे. लिनोचित्रे मात्र प्रत्येकाने स्वतःच्या सहीने केलेली आहेत आणि शेजारी ठेवली की दोन स्वभाव स्पष्ट दिसतात. पॉवर यांना यंत्राच्या पोटात शिरलेला माणूस हवा असतो. ‘द ट्यूब ट्रेन’मध्ये डब्यातली माणसे वर्तमानपत्रे धरून ओळीने बसलेली आहेत, आणि जत्रेतल्या फिरत्या पाळण्यांचे त्यांचे चित्र गरगरून डोके फिरवणारे आहे. तिथे माणूस गतीच्या ताब्यात आहे. अँड्र्यूज यांच्या चित्रांत गती माणसाच्या ताब्यात असते. दांडा माणूस फिरवतो, घण माणूस उचलतो, बोट माणसे खांद्यावर घेतात. ‘स्पीडवे’सारखे अपवाद आहेत, पण तेही मुळात भित्तिपत्रकाच्या कल्पनेतून आलेले चित्र आहे. म्हणून पॉवर हे सहकारी, सहप्रवासी आणि सुरुवातीच्या काळात मार्गदर्शक होते, एवढे मान्य करूनही ‘द विंच’ त्यांच्या खात्यावर टाकता येणार नाही.

फ्युचरिझमचा प्रभाव आहेच आणि तो फ्लाइट यांच्यामार्फत आला. फ्युचरिझमचे प्रवर्तक मारिनेत्ती यांचा जाहीरनामा १९०९चा आहे. महायुद्धापूर्वी ते लंडनला व्याख्याने देऊन गेले होते आणि १९१४ मध्ये तिथेच व्होर्टिसिझम ही त्याच वळणाची ब्रिटिश कलाचळवळ उभी राहिली. तिरक्या रेषा, पुनरावृत्त होणारे आकार आणि चाप यांची भाषा तिथून आली, हे खरे आहे. पण फ्युचरिस्टांच्या जाहीरनाम्यात यंत्राबरोबर युद्धाचाही गौरव होता, आणि अँड्र्यूज यांची पिढी ते युद्ध प्रत्यक्ष भोगून आली होती. त्यांनी भाषा घेतली आणि त्या भाषेत नांगरणी, गवतकापणी, सुतारी, लोहारकी यांविषयी लिहिले. नक्कल करणारा मूळ विषयही उचलतो. इथे विषयच बदलला आहे. आपल्या सहकाऱ्यांपुढे ‘टिलर्स ऑफ द सॉइल’ ठेवावे. चढावर घोडे आणि त्यांच्यामागे नांगर धरलेला माणूस, यांत मोटारगाडीचा गौरव कुठे शोधायचा?

आणखी एक फरक माध्यमाचा आहे. फ्लाइट यांचा आग्रह असा होता की, सामान्य माणसाला घरात लावायला परवडेल अशा किमतीला ठसा विकला गेला पाहिजे, आणि ते त्या किमतीची तुलना सिनेमाच्या तिकिटाशी करीत असत. प्रत्यक्षात हे ठसे दोन-तीन गिनींच्या घरात विकले गेले, म्हणजे मजुराच्या आवाक्यात ते आलेच नाहीत, आणि आज लिलावात त्यांना हजारो पौंड पडतात. तरीही हेतू खोटा ठरत नाही, कारण हातात छत्रीची काडी आणि जमिनीवरच्या लिनोचा तुकडा असलेल्या कोणालाही हे माध्यम खुले होते. ऑस्ट्रेलियातून आलेल्या एथेल स्पाउअर्स, इव्हलिन साइम आणि डोरिट ब्लॅक यांनी तंत्र शिकून ते परत मायदेशी नेले, हे त्या मोकळेपणामुळेच.

मुलांना दाखवण्यासाठी मी एक जोडी सुचवतो. ‘द विंच’ ज्या वर्षी झाले, त्याच १९३० मध्ये नंदलाल बसू यांनी दांडीयात्रेतले गांधीजी लिनोवर कोरले. हातात काठी घेतलेली ती पुढे निघालेली आकृती आपण सर्वांनी पाहिलेली आहे. तिथे एकच ठोकळा आहे, काळी जमीन आहे आणि कोरलेली पांढरी रेषा सगळे सांगते. रेषेचा लिनो आणि रंगाच्या पृष्ठांचा लिनो यांतला फरक या दोन ठशांइतका स्वच्छ दुसरीकडे क्वचित दिसेल. बसूंच्या ठशात रेषा नसती, तर तो अर्धा राहिला असता. तेव्हा ‘रेषा वाईट’ असा समज मुलांचा होऊ देऊ नये.

चित्रवही, नागपूर

आपणा तिघांचेही मनापासून आभार. आठ शक्यतांचा तक्ता उद्याच फळ्यावर मांडणार आहे, आणि नंदलाल बसूंची जोडी तर मला सुचलीच नसती. माझ्या वर्गातली बरीच मुले काटोल, सावनेरकडच्या शेतकरी घरांतली आहेत, म्हणून कापूस वेचणीचा विषय द्यावा, असे मनात आहे. कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीत वाकलेल्या बायका हा विषय अँड्र्यूज यांच्या पाठी-खांद्यांच्या पद्धतीला जवळचा वाटतो. शाळेचा खर्च पाहता तीनच ठोकळे परवडतील. ते कसे वाटून घ्यावेत, याचे मार्गदर्शन करावे.

शाईचा रूळ, इतवारी

ताई, विषय उत्तम आहे आणि तीन ठोकळे पुरेसे आहेत. कापूस पांढरा, म्हणजे तो छापायचाच नाही. बोंडांच्या आणि ओटीतल्या कापसाच्या जागा तिन्ही ठोकळ्यांवरून कोरून काढायच्या. ही एक गोष्ट मुलांनी आराखड्यात आधी पक्की केली की पुढचे अर्धे निर्णय आपोआप होतात.

पहिला ठोकळा मातकट पिवळा घ्यावा. तो कापूस सोडून जवळजवळ सगळीकडे राहील: जमीन, ऊन, हात, पायांचा उजेडातला भाग. दुसरा विटकरी लाल. लुगडी, अंगाची सावलीकडची बाजू आणि पऱ्हाटीची खोडे यांसाठी. पिवळ्यावर तो पडला की आपल्याकडच्या मातीचा तपकिरी रंग मिळतो, त्यामुळे जमिनीच्या पुढच्या पट्ट्यातही थोडा राहू द्यावा. तिसरा गडद निळा, आणि त्यावर सर्वांत जास्त कोरायचे आहे. पिवळ्यावर एकटा निळा आला की पाने हिरवी दिसतील, लाल-पिवळ्यावर आला की पाठीखालची आणि डोक्यावरच्या पदराखालची दाट सावली मिळेल. वाकलेल्या पाठीची वरची कड निळ्याने अजिबात ओढू नये. तिच्यामागची पाने निळ्यात ठेवावीत, म्हणजे पाठ आपोआप पुढे येईल.

आराखडा बटर पेपरवर करून तो उलटा ठेवून तिन्ही ठोकळ्यांवर उतरवावा, म्हणजे ठसा सुलटा येईल. पिवळा ठोकळा कोरून झाला की त्याचा ओला ठसा प्लास्टिकच्या पारदर्शक कागदावर घेऊन तो लगेच दुसऱ्या ठोकळ्यावर दाबावा. कापसाच्या मोकळ्या जागा तिथे बरोबर उमटतात आणि मुलांना अंदाजाने कोरावे लागत नाही. तिसऱ्या ठोकळ्यासाठीही हेच करावे. दोन रंगांच्या मध्ये ठसे दोरीवर टांगून पूर्ण वाळू द्यावेत. ऑफसेटची शाई पातळ कागदावर वाळायला वेळ घेते, तेव्हा एका दिवशी एकच रंग धरून वेळापत्रक आखावे. पारदर्शक माध्यम आणि शाई यांचे प्रमाण आधी रद्दी कागदावर तपासून घ्यावे आणि निळ्यात ते माध्यम सर्वांत जास्त घालावे, कारण निळी शाई जोरकस असते आणि खालचे दोन्ही रंग चटकन गिळून टाकते.